फ्रेंझेल चष्मा: तालुक्याच्या ओपीडीत कितपत कामाचा?

वीस डायॉप्टरची दोन जाड भिंगं, आत बारीक दिवे, कडेला रबर, मागे इलॅस्टिकचा पट्टा. एवढाच हा चक्कर तपासायचा चष्मा. पेशंटला त्यातून सगळं पुसट दिसतं, म्हणून नजर कशावर ठरत नाही. तपासणाऱ्याला मात्र त्याचे डोळे मोठे आणि उजेडात दिसतात. नजर ठरली की आतल्या कानाच्या बिघाडाने होणारा निस्टॅग्मस, म्हणजे बुबुळांचे झटके, दबतो. तो दबू न देण्यासाठी हा चष्मा.

ग्रामीण रुग्णालयाने घ्यावा का? घ्यावा, पण आधी खाट नीट लावावी.

कारण चक्करच्या बऱ्याच पेशंटांची तक्रार असते ती कूस बदलताना, माळ्यावरचं काढताना किंवा पऱ्हाटीत वाकताना काही सेकंद गरगरल्याची. तिथे १९५२ पासूनची डिक्स-हॉलपाइक तपासणीच निकाल देते, आणि आतल्या कानाच्या मागच्या नलिकेत बारीक खडे सरकल्याने येणारा निस्टॅग्मस चष्म्याशिवायही दिसतो. त्यातला पीळ, म्हणजे बुबुळांचं जागच्या जागी गोल फिरणं, नजर ठरवून फारसा दबत नाही. पेशंटला पाय लांब करून बसवा, मान एका बाजूला ४५ अंश वळवा, आधार देत पटकन आडवं करा. डोकं खाटेच्या कडेबाहेर २० ते ३० अंश खाली. डोळे उघडे. पहिले काही सेकंद बहुधा काहीच होत नाही, आणि घाईतले लोक इथेच पेशंटला उठवतात. निदान ३० सेकंद थांबा. मग बुबुळं वरच्या दिशेने उसळतात, खालच्या कानाकडे पिळतात आणि मिनिटाच्या आत शांत होतात.

ओपीडीची खाट भिंतीला टेकलेली असेल तर हे जमतच नाही. ती पुढे ओढा, नाहीतर खांद्याखाली उशी द्या. घरी तपासताना बाज टाळा. ती मधे झोळते, कोन मिळत नाही. अंबाडा सोडायला सांगा: तो मान मागे जाऊ देत नाही आणि चष्म्याचा पट्टाही त्यावरून घसरतो. मानेचं दुखणं जुनं असेल तर कुशीवर पाडून तपासा.

चष्म्याचे पैसे वसूल होतात ते कानाच्या नसेला सूज आलेल्या पेशंटमध्ये. तो चार-पाच दिवसांनी येतो तेव्हा नुसत्या डोळ्यांना सगळं शांत दिसतं. चष्मा चढवला की आडवे झटके सुरू. चष्म्याने वाढणारा, एकाच दिशेचा निस्टॅग्मस कानाचा. चष्म्याने फरक न पडणारा, किंवा उजवीकडे पाहिलं की उजवीकडे आणि डावीकडे पाहिलं की डावीकडे मारणारा असेल तर मेंदूचा संशय घ्या. घरून निघताना प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन ही चक्करची गोळी घेतली असेल तर झटके मंदावलेले असतात, हे आधी विचारा.

हेड इम्पल्स, म्हणजे डोक्याला झटका देऊन करायच्या तपासणीसाठी, चष्मा काढावाच लागतो. पेशंटने तुमच्या नाकाकडे बघत राहायचं, तुम्ही डोकं अचानक १० ते २० अंश फिरवायचं. डोळे डोक्याबरोबर वाहवले आणि उडी मारून नाकावर परतले, तर त्या बाजूचा कान कमजोर. तासन्‌तास सतत गरगरणाऱ्या पेशंटमध्ये ही तपासणी नॉर्मल आली तर मात्र खूश होऊ नका. तो मेंदूचा झटका (स्ट्रोक) असू शकतो आणि सुरुवातीचा सीटी स्कॅन अनेकदा स्वच्छ येतो. १०८ बोलवा. चक्कर थांबलेल्यावर हा नियम लावू नये.

(डोळे मिटून जागेवर पन्नास पावलं टाकायला लावतात, ते बघायला छान, निकाल भरवशाचा नाही.)

आता चष्म्याच्या खोडी. मे महिन्यात कूलरच्या दमट हवेत भिंगं आतून धुरकटतात. कपाळ पुसा, पट्टा अगदी शेवटी आवळा. खिडकीला पडदा नसेल तर फटीतून उजेड शिरतो आणि नजर तिथेच चिकटते. भिंगं प्लास्टिकची असतील तर स्पिरिटने पुसू नका, तडकतात. मॉडेल पेन्सिल सेलवर चालणारंच निवडा, बटन सेल तालुक्याला वेळेवर मिळेलच असं नाही. नवतपाच्या उन्हात उठताना घेरी येणाऱ्याला तर चष्मा लावण्याआधी आडवं आणि मग तीन मिनिटं उभं करून बीपी घ्या. वरचा आकडा २० ने उतरला तर कानाच्या मागे लागायचं कारण नाही.

बजेट नसेल तर पेशंटच्या डोळ्यांसमोर कोरा पांढरा कागद जवळ धरा आणि कडेने बुबुळं बघा. चष्म्याइतकं स्पष्ट दिसत नाही, पण आडवा निस्टॅग्मस बऱ्यापैकी सापडतो.