बेटब्लॉकर: सट्ट्याच्या नादाला फुकटचं कुलूप

फुटबॉलवर पैसे लावले म्हणून २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या फुटबॉलपटू इव्हान टोनीवर ८ महिन्यांची, तर सान्द्रो तोनालीवर १० महिन्यांची बंदी आली. पैशाला तोटा नसलेल्यांची ही गत. मग परभणी-नांदेडच्या पोराला नुसतं ‘मन घट्ट कर’ म्हणून काय होणार?

बेटब्लॉकर हे सट्ट्याच्या साइट अडवणारं, ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थेचं फुकट ॲप. टाकायचं, मुदत निवडायची (२४ तासांपासून ५ वर्षांपर्यंत), व्हीपीएनला (फोनचं इंटरनेट ॲपमार्फत वळवणारी सोय) परवानगी द्यायची. मुदत सुरू झाली की मधेच मोडू देत नाही, आणि खरी किंमत त्याचीच आहे. म्हणून आधी २४ तासांचीच घ्या. काही बँकांची ॲप व्हीपीएन दिसलं की कुरकुरतात. पैसे नीट जातात का बघा, मग थेट वर्षाची लावा.

अँड्रॉइडवर घोळ होतो बॅटरीपायी. बरेच स्वस्त फोन मागे चालणारी ॲप गपकन बंद करतात, की सट्ट्याच्या साइट पुन्हा उघड्या. सेटिंगमध्ये या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. दुसरं व्हीपीएन चालू केलं तरी हे बाजूला पडतं, कारण एका वेळी एकच चालतं.

२०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तरी व्हॉट्सॲपवर बुकी सट्ट्याच्या साइटचा ‘आयडी’ देतोच. पत्ता बदलत राहणाऱ्या अशा साइट ॲपच्या यादीत यायला वेळ लागतो. चौकातला रोखीचा सट्टा तर कोणतंच ॲप अडवणार नाही. तिथे बुकीचा नंबर ब्लॉक करा, यूपीआयची मर्यादा कमी करा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, २४ तास चालू, मराठीत बोलतात. घरच्यांनी लावला तरी चालतो.