एचपीव्हीची लस : सातवीत की दहावीत?

एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू; त्यावरची ही लस. ती कधी द्यायची, याचे आमच्या घरी दोन्ही प्रकार झालेत. मोठीला दहावीत दिली, धाकटीला सातवीत. 'आत्ता देऊ की थोडी मोठी होऊ दे' या घोळात असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

मोठीला उशीर झाला तो पैशापायी नव्हे, अर्धवट माहितीपायी. गर्भाशयमुखाचा कॅन्सर म्हणजे चाळिशीच्या पुढचं दुखणं, पोरीला एवढ्यात कशाला, असं माझं गणित. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे वाचल्यावर तर घरात सगळेच गप्प. आत्या म्हणाली, "लग्न ठरलं की बघू." आज्जीला मात्र बायकोनं नुसतं 'कॅन्सरची लस' सांगितलं, ती लगेच तयार! शेवटी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, ही लस झालेला संसर्ग बरा करत नाही, होण्याआधी अडवते. मग थांबून मिळवायचं काय?

पण तोवर सप्टेंबर २०२३ उजाडला होता आणि ऑगस्टमध्ये पोरीला पंधरा पूर्ण झाली होती. ९ ते १४ वयात शरीर लशीला जास्त जोमानं दाद देतं, म्हणून सहा महिन्यांच्या अंतरानं दोनच डोस. पंधरानंतर तीन. एक महिना आधी गेलो असतो तर दोनात भागलं असतं, हे मला अजून सलतं. दुसरा नोव्हेंबरात झाला. तिसरा आला नेमका मार्चमध्ये, बोर्डाच्या पेपरात. बायको म्हणाली, आत्ता सुई नको. एप्रिलमध्ये गेलो तर दवाखान्यात लस संपलेली. मे महिना मामाकडे गडहिंग्लजला. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, हे कळेपर्यंत माझी झोप उडाली होती.

मोठ्या वयाचा फायदा नाही असं नाही. एचपीव्हीच्या १६ आणि १८ नंबरच्या दोन प्रकारांमुळेच या कॅन्सरचे सुमारे ७० टक्के रुग्ण होतात, हे मोठीनंच मला वाचून दाखवलं. धाकटीनं फक्त "लई दुखतंय काय?" एवढंच विचारलं. तिला नीट समजावून सांगायचं काम अजून उरलंय.

दोघींना सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस दिली, विषाणूच्या चार प्रकारांवरची. नऊ प्रकारांवरची गार्डासिल ९ जास्त व्यापक, पण आमच्या खिशाला जड. ऐपत असेल तर जरूर घ्या. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून ९ ते २० वयाला एक डोसही चालेल म्हणते. आमच्या मॅडम दोनावर ठाम होत्या, तुमच्या डॉक्टरांचं ऐका. आणि लस झाली तरी तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी काही चुकत नाही.

जून २०२४ मध्ये मोठीचा तिसरा आणि धाकटीचा पहिला एकाच दिवशी उरकला. डिसेंबरात धाकटीचा दुसरा झाला, पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, येताना खासबागेत भेळ खाल्ली. तिचं कार्ड कोरं करकरीत आहे. मोठीच्या कार्डावर तिसऱ्या डोसच्या तारखेची तीनदा खाडाखोड.