बेळगाव-खानापूरकरांसाठी ‘भूमी’चा उतारा: हातात पडल्यावर काय बघावं

जमिनीचा उतारा (आपल्या 7/12 सारखा कागद) देणाऱ्या कर्नाटक महसूल खात्याच्या ‘भूमी’ सेवेला वेगासाठी 5 पैकी 4 गुण देता येतील. भाषेसाठी 1, तोही ओढूनताणून. नावांच्या अचूकतेला गुण देण्यात अर्थ नाही, कारण ती प्रत्येक उताऱ्यागणिक वेगळी असते आणि खरी भानगड तिथेच आहे.

वेगाचं आधी उरकू. 2000 च्या सुमाराला ही योजना आली, तेव्हा राज्यातले सुमारे 2 कोटी उतारे संगणकावर चढवले गेले आणि तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत छापील प्रत मिळू लागली. त्याआधी तलाठी भेटला तर उतारा, नाहीतर पुढच्या सोमवारी. आता मोबाइलवर जिल्हा, तालुका, होबळी, गाव निवडायचं आणि सर्व्हे नंबर घालायचा. ‘सर्नोक’च्या (सर्व्हे नंबराला जोडून येणाऱ्या खुणेच्या) रकान्यात बहुतेक वेळा नुसती चांदणी असते, ती तशीच ठेवायची. मग हिस्सा नंबर. माणूस अडखळतो तो होबळीपाशी. हा जुन्या म्हैसूरकडचा शब्द, आपल्याकडे सर्कल म्हणायची सवय. जांबोटी होबळीतलं गाव खानापूर होबळीत शोधलं तर यादीत दिसतच नाही, आणि लोक ‘आमचा उतारा गायब केला’ म्हणून कचेरीत धावतात. पडद्यावर फुकट दिसणारा उतारा फक्त बघण्यापुरता. बँकेला आणि कोर्टाला पैसे भरून काढलेली, डिजिटल सहीची प्रत लागते.

आता भाषा. स्थळावर इंग्रजीचा पर्याय आहे, पण उताऱ्यातली नावं आणि नोंदी कन्नडमध्येच. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर ठरलेलं सूत्र असं आहे की, जिथे त्यांची वस्ती 15 टक्के किंवा जास्त, तिथे महत्त्वाचे कायदे, नियम आणि सूचना त्यांच्याही भाषेत काढाव्यात. शेतकऱ्याच्या दृष्टीने उताऱ्याइतका महत्त्वाचा दुसरा कागद कोणता? सीमेपलीकडे महाराष्ट्राच्या भूलेखवर 7/12 कन्नडसह बऱ्याच भाषांत बघता येतो. म्हणजे तांत्रिक अडचण काही नाही.

तरीही मराठी माणसाने या कागदाला बिचकू नये, कारण लिपी कन्नड असली तरी आतले शब्द निम्मेअधिक ओळखीचे आहेत. विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांची जमीन मोजणी 1835 नंतर इंदापूर तालुक्यातून पसरत मुंबई इलाख्याच्या या दक्षिण टोकापर्यंत आली. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण बांध आणि साहेबाची मापं जागेवरच राहिली. त्यामुळे कन्नड उताऱ्यातही हिस्सा, खराब, गुंटे आहेत. कचेरीत आकारबंद, मोजणी, पोडी (नंबराचे हिस्से पाडणं) आणि वारसा हेच शब्द चालतात. ‘बिन’ म्हणजे मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे बायको, हे तर आपल्या मोडी कागदांतही सापडतं. नव्याने शिकायचे शब्द थोडे: विस्तीर्ण म्हणजे क्षेत्र, कंदाय म्हणजे सारा, स्वाधीनदार म्हणजे कब्जेदार, ऋण म्हणजे बोजा, बेळे म्हणजे पीक, खुष्की म्हणजे जिरायत, तरी म्हणजे भाताची ओली जमीन. कन्नड बाराखडी आठवडाभर संध्याकाळी बसलं की येते. एजंटाला दरवेळी पैसे मोजण्यापेक्षा ते परवडतं.

वाचायला घेतल्यावर पहिला घोळ क्षेत्राचा. स्तंभ 3 मध्ये 2.20.0.0 असं छापलेलं असतं. ते दशांश नव्हे. एकर, गुंठे, आणे, पै असा तो क्रम. 40 गुंठ्यांचा एकर, 16 आण्यांचा गुंठा. साहेबाची साखळी 33 फुटी, म्हणून गुंठा 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट. 2.20 हे ‘सव्वादोनच्या आतबाहेर’ म्हणून वाचलं तर 2 एकर 8 गुंठे होतात आणि 12 गुंठे कागदावरच हवेत जातात. खरं क्षेत्र अडीच एकर. चंदगड-गडहिंग्लजकडे ज्यांची जमीन आहे त्यांना हेच क्षेत्र 7/12 वर 1.01.17, म्हणजे 1 हेक्टर 1 आर 17 चौरस मीटर, असं दिसेल. वाटणीच्या बैठकीत दोन्हीकडचे आकडे एकाच वहीत लिहिले की भावाभावांत कशावरून जुंपते ते वेगळं सांगायला नको.

त्याच स्तंभात खराबाचे दोन प्रकार. ‘अ’ खराब म्हणजे लागवडीला न येणारी, खळं-गोठ्याची जागा. तिच्यावर सारा नाही, पण ती तुमच्याच नंबरात. ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, पायवाट, नाला अशी सार्वजनिक जागा. ती विकता येत नाही. घेणाऱ्याने एकूण आकड्यावर भाव ठरवला तर ‘ब’चे पैसे बुडाले समजा.

स्तंभ 9 मध्ये कब्जेदारांची नावं आणि प्रत्येकाचं क्षेत्र. ही बेरीज स्तंभ 3 शी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर खरेदी-विक्री तिथेच अडकते, आणि ही चूक आजोबांच्या वाटणीपासून चालत आलेली असते. स्तंभ 11 मध्ये हक्क आणि बोजे. सोसायटीचं कर्ज फिटून वर्षं झाली तरी बोजा आपोआप उतरत नाही. फेडीचा दाखला देऊन तो उतरवून घ्यावा लागतो. नंबराचा तुकडा विकायचा असेल तर आधी मोजणी करून ‘11 ई’ नकाशा काढावा लागतो. तो नसताना इसार देणं म्हणजे हौस.

आणि नावं. सीमाभागातलं एकच नाव चार-चार वेळा लिहिलं गेलंय: आधी मोडीत किंवा बाळबोधीत, मग हाताने कन्नडमध्ये, मग संगणकावर, शेवटी आधार कार्डावर इंग्रजीत. प्रत्येक उतरवणीत काहीतरी गळतं. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे, त्यामुळे ‘गावडे’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. पाटीलमधली ‘टी’ कधी ऱ्हस्व होते. ‘ध’चा ‘द’ सर्रास होतो, धोंडिबाचा दोंडिबा आणि जाधवचा जादव. दिसायला मात्राच, पण आधार जोडणीत, फ्रूट्स (कर्नाटकातली शेतकरी नोंदणी) यादीत आणि पीककर्जात हा दुसराच माणूस ठरतो. कर्नाटक जमीन महसूल कायदा 1964 च्या कलम 133 प्रमाणे उताऱ्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. म्हणजे धोंडिबा आपणच, हे धोंडिबानेच दाखवायचं.

दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे, भूमी केंद्रावर. सोबत हस्तलिखित उताऱ्याची आणि मूळ फेरफाराची (इकडे ‘डायरी’ म्हणतात) नक्कल लावा. नुसतं आधार कार्ड पुढे केलं तर संगणकाची चूक आहे हे सिद्ध होत नाही. फेरफारावरच वाद असेल तर कलम 136 खाली प्रांतांकडे अपील. मूळ नोंद मोडीत असल्यास नक्कल घेतानाच लिप्यंतर करून देणारा जाणकार गाठून ठेवावा, आणि त्याच्याकडून नाव आधी बाळबोधीत लिहून घ्यावं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे कन्नडमध्ये कोणती मात्रा मागायची हे अर्जदारालाच ठरवावं लागतं. ती आधार कार्डाशी जुळेल अशीच मागा.