इंग्रजीत रडू येत नाही : आठ महिने वापरून झाल्यावर

फेब्रुवारीत, ३३व्या आठवड्यात, सोनोग्राफी करता करता डॉक्टर बोलायच्या थांबल्या. ठोके लागत नव्हते. त्यानंतर आठ महिने फोनमधल्या ज्या गोष्टींचा आधार घेतला, त्यांच्याबद्दल लिहितेय. रात्री दोनला कुणीतरी हे शोधत असेल. मीही त्याच वेळेला शोधत होते.

शोधताना मराठीत नुसतं 'गर्भपात' टाकू नका. आपोआप पडलेलं आणि करवून घेतलेलं, दोन्हींना आपल्याकडे तोच शब्द, त्यामुळे समोर भलतीच पानं येतात. 'मृतजन्म' असा एक शब्द आहे, पण तो फॉर्मवरचा. घरात कुणाच्या तोंडून मी तो ऐकला नाही. घरात म्हणतात, 'हिचं बाळ पोटातच गेलं.'

पहिलं काम गरोदरपणाच्या ॲपचं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याने कळवलं, बाळ आता अननसाएवढं झालंय. ते बंद करायची सोय होती, पण सेटिंगच्या पोटात, तीन पडदे आत. बंद केल्यावर दोन ओळींचं सांत्वन आलं, आणि महिन्याभरात तेच ॲप विचारू लागलं, पाळी कधी आली, पुन्हा प्रयत्न करताय का. ॲप काढून टाकलं. गूगलच्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये गर्भारपण आणि पालकत्वाच्या जाहिराती कमी करता येतात, तेही केलं. लहान मुलांच्या कपड्यांच्या एका दुकानाला मात्र मी स्वतःच नंबर दिला होता. त्यांचे मेसेज जूनपर्यंत येत राहिले.

मग शोकासाठीचं म्हणून एक परदेशी ॲप घेतलं, महिन्याला पैसे भरून. आवाज गोड, मागे पाण्याची खळखळ. डोळे मिटा, पोटावर हात ठेवा. मी हात ठेवला आणि फोन भिंतीवर फेकला. (स्क्रीनगार्ड गेलं, फोन वाचला.) बाळाला पत्र लिहायचा एक भाग होता. इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या, ऑफिसच्या मेलसारख्या वाटल्या. ज्या भाषेत पोटातल्या बाळाशी बोलत होते, तिच्यातच रडू येतं, ते काही भाषांतर होऊन येत नाही.

तरीही त्या ॲपमधल्या एका पानासाठी पैसे वसूल झाले. तिसऱ्या दिवशी मला पान्हा फुटला होता. बाळ नसतानाही दूध येतं, हे दवाखान्यातून निघताना कुणीच सांगितलं नव्हतं, आणि घरच्यांना वाटलं मला ठाऊक असेल. त्या पानावर सरळ लिहिलं होतं : थंड पट्ट्या ठेवा, आधार देणारी ब्रा वापरा, सगळं दूध पिळून काढू नका, काढाल तितकं आणखी येतं, आणि दूध थांबवायच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. मी फोन करून विचारलं, गोळी मिळाली. हे पान मराठीत छापून प्रत्येक प्रसूतिकक्षात लावायला हवं.

सगळ्यात जास्त टिकला तो बाळ गमावलेल्या बायकांचा व्हिडिओ कॉलवरचा गट. मूळ गट इंग्रजी, वेळ पहाटेची. तिथे भेटलेल्या आम्ही पाच मराठी बायकांनी व्हॉट्सॲपवर आपलं वेगळं बिऱ्हाड थाटलं : नाशिक, बेळगाव, दोघी पुण्याच्या, एक टोरांटोची. रजेचं इथेच कळलं. माझ्या ऑफिसने गर्भपात म्हणून ६ आठवडे मंजूर केले होते. बेळगावच्या ताईंनी तेव्हा लागू असलेला १९६१चा प्रसूती लाभ कायदा उघडून दाखवला : त्यात गर्भपात म्हणजे २६व्या आठवड्यापर्यंतचा, आणि 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं. म्हणजे माझी ती प्रसूतीच, रजा २६ आठवड्यांची. अर्ज पुन्हा केला, आणि मिळाली. नाशिकची पोस्टात आहे. तिचं बाळ जन्मानंतर दोन दिवसांनी गेलं. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२२पासून अशा वेळी ६० दिवसांची खास रजा आहे, हे तिच्या साहेबांना तिनेच सांगितलं.

गटावर कुणीतरी विचारलं, बाळाचं नाव काय? बारसं झालंच नव्हतं. पोटात असताना आम्ही त्याला 'धोंडू' म्हणायचो, गंमत म्हणून. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, 'अगं, आधीची मुलं गेली की पुढच्याला धोंडू, दगडू म्हणायचे, नजर लागू नये म्हणून. तुझ्या सासऱ्यांना घरात दगडूच म्हणत.' आणि मग, काड्या गोळा करत, 'माझंही एक गेलं होतं. तुझ्या नवऱ्याच्या आधी.' नवऱ्याला चाळिसाव्या वर्षी कळलं की आपण थोरले नाही.

रात्रीसाठी एकच गोष्ट सांगेन, टेली-मानस, मानसिक आधाराची हेल्पलाइन. नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं, आणि मराठीत बोलता येतं. मी एप्रिलमध्ये पहाटे तीनला लावला. पलीकडची बाई वऱ्हाडी वळणाचं बोलत होती. तिने उपाय सांगायची घाई केली नाही. 'बाळ कोणावर गेलं होतं जी?' एवढं विचारलं आणि मी वीस मिनिटं त्याच्या नाकाबद्दल बोलत होते. त्या नाकाचा विषय तोवर कुणी काढलाच नव्हता. जीव नकोसा वाटत असेल तर गटाची, ॲपची वाट न बघता थेट इथेच फोन करा.

पैसे भरून घेतलेलं ॲप मेमध्ये बंद केलं. गट चालू आहे, हल्ली त्यात लोणच्याच्या पाककृतीही येतात. १४४१६ माझ्या फोनमध्ये 'मावशी' नावाने सेव्ह आहे. कॉलच्या यादीत दिसलं तरी कुणी काही विचारत नाही.