"गेले बघा, दादा": दुकानाच्या काउंटरवर होणारी यूपीआय फसवणूक

संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. किराणा दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं आणि काउंटरवर एकटा पोरगा. एक जण पाच लिटर तेलाचा कॅन, साखर, काजू-बदामाची पाकिटं असा माल बांधून घेतो. बिल होतं 1,840 रुपये. तो स्टिकर स्कॅन करतो, फोन पोराच्या तोंडासमोर धरतो आणि म्हणतो, "गेले बघा, दादा." स्क्रीनवर हिरवी खूण, दुकानाचं नाव बरोबर, रक्कम बरोबर, खाली व्यवहाराचा बारा आकडी नंबर. फोनमधून टिंग असा आवाजही येतो. पैसे आले की बोलून सांगणारा साउंडबॉक्स मात्र गप्प. पोरगा तिकडे बघतो, तेवढ्यात "तुमचं नेटवर्क स्लो दिसतंय, दोन मिनिटांत येईल" म्हणत माणूस पिशवी उचलून रस्त्याला लागतो. रात्री गल्ल्याचा हिशेब जुळवताना 1,840 कमी पडतात.

या फसवणुकीत कुठलंही खातं हॅक झालेलं नसतं. त्या फोनमध्ये असतं ते पेमेंट ॲपसारखं दिसणारं नकली ॲप. नाव टाका, रक्कम टाका, बटण दाबा, की खऱ्यासारखी पावती तयार. "पण आमचं नाव तर बरोबर आलं होतं," असं दुकानदार हमखास म्हणतो. ते येणारच. क्यूआर स्टिकरमध्ये यूपीआय आयडी आणि दुकानाचं नाव साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. ते वाचायला बँक लागत नाही, कुठलाही कॅमेरा वाचतो. नकली ॲपही स्टिकर खरोखर स्कॅन करतं, नाव उचलतं आणि पावतीवर छापतं. बारा आकडी नंबर तर कुणीही बनवू शकतं. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसणारी एकही गोष्ट पैसे आल्याचा पुरावा होत नाही. नाव नाही, रक्कम नाही, खूण नाही, आवाज नाही.

खरा व्यवहार असा चालतो: गिऱ्हाइकाचं ॲप त्याच्या बँकेला सांगतं, ती बँक एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या) यंत्रणेमार्फत दुकानदाराच्या बँकेपर्यंत पोचते आणि मग दुकानदाराला कळतं. हे सगळं बहुतेक वेळा काही सेकंदांत होतं. कधी खरंच अडकतं, तेव्हा व्यवहार "प्रलंबित" दाखवतो. फसवणारा नेमका याच शक्यतेचा फायदा घेतो. म्हणून अडकलेल्या पैशांचा नियम काउंटरवरच्या प्रत्येकाला पाठ हवा. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019च्या परिपत्रकानुसार, गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि व्यापाऱ्याला पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. त्यानंतर उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पाठवलेल्या पैशांसाठी ही मुदत एक दिवसाची आहे. म्हणजे "माझे कापलेत, तुम्हाला आले नाहीत" म्हणणाऱ्या प्रामाणिक गिऱ्हाइकालाही शांतपणे सांगता येतं: "ताई, अडकले असतील तर बँक तुम्हाला परत देते. आत्ता रोख द्या किंवा माल बाजूला ठेवतो, पैसे आले की घेऊन जा." यात कुणाचा अपमान नाही.

आता खात्री कशी करायची? नुसत्या बँकेच्या मेसेजवर विसंबू नका. स्टिकर तुमच्या स्वतःच्या यूपीआय आयडीचा असेल तर पैसे थेट खात्यात येतात. पेमेंट कंपनीचा व्यापारी स्टिकर असेल तर बऱ्याचदा रक्कम आधी कंपनीकडे जमा होते आणि नंतर एकगठ्ठा खात्यात पडते, त्यामुळे प्रत्येक बिलाला बँकेचा मेसेज येत नाही. अशा दुकानात दोनच गोष्टी धरायच्या: साउंडबॉक्स आणि व्यापारी ॲपमधली व्यवहारांची यादी. साउंडबॉक्सवरही एकट्यावर भरवसा नको. वडापावच्या, चहाच्या, फळांच्या गाड्या खेटून असतात. "वीस रुपये प्राप्त झाले" हा आवाज शेजारच्या गाडीचाही असू शकतो. पाचशेच्या वरची रक्कम असेल तर यादी उघडून रक्कम, वेळ आणि व्यवहाराच्या नंबरचे शेवटचे चार आकडे ताडून बघायचे. दहा सेकंद लागतात. मालक दुकानात नसतो आणि ॲप त्याच्याच फोनवर असतं, हा खरा घोळ आहे. काही व्यापारी ॲपमध्ये नोकराच्या नंबरवर फक्त व्यवहार बघण्याची परवानगी देता येते. ती द्या. नाहीतर पोरगा बिचारा समोरच्याच्या स्क्रीनवर विश्वास ठेवण्याशिवाय दुसरं काय करणार?

स्टिकर बदलण्याचा प्रकार याच्या उलटा आहे. इथे गिऱ्हाईक खरे पैसे देतं, पण ते जातात भलत्याच खात्यात. जानेवारी 2025मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत एका रात्रीत काही दुकानांच्या आणि पेट्रोल पंपाच्या स्टिकरवर दुसरेच स्टिकर चिकटवले गेले. एका गिऱ्हाइकाने स्क्रीनवर वेगळं नाव येतंय हे सांगितलं, तेव्हा ते उघडकीला आलं. एनपीसीआयच्या सूचनेनुसार 30 जून 2025पासून ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नावच दिसायला हवं, स्टिकरमध्ये लिहिलेलं मनाचं नाव नाही. याचा फायदा घ्यायचा. पिन टाकायच्या आधी "नाव काय आलं?" एवढं विचारायची सवय लावा. पण अनेकांचं खातं मालकाच्या नावावर असतं आणि पाटीवर "श्री साई जनरल स्टोअर्स" असतं, मग गिऱ्हाईक गोंधळतं. त्यासाठी स्टिकरच्या खाली मार्करने ठळक लिहा: "नाव असं येईल", आणि पुढे बँकेतलं नाव. रोज दुकान उघडल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनने एक रुपया टाकून बघा. स्टिकर रस्त्याकडच्या शटरवर किंवा खांबावर लावू नका. काउंटरच्या काचेच्या आतल्या बाजूने लावा, किंवा स्टँड रात्री आत घ्या. कडेवरून नख फिरवलं तरी स्टिकरवर स्टिकर असल्याचं कळतं.

तिसऱ्या प्रकारात नुकसान सगळ्यात मोठं होतं आणि लाजेपोटी तो सांगितलाही कमी जातो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, दुकानात शुकशुकाट असताना, कंपनीचा टी-शर्ट आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला मुलगा येतो. बोलणं गोड. "काका, साउंडबॉक्सचं भाडं बंद करून देतो", "केवायसी संपलंय, आज नाही केलं तर स्टिकर बंद पडेल", "नवीन मशीन फुकट आलंय". मग तो काकांना म्हणतो, "एक रुपया टाकून बघा, चालतंय का." काका पिन टाकतात. तो बाजूला उभा राहून चार किंवा सहा आकडे बघून घेतो. तो एक रुपया एवढ्यासाठीच असतो. पुढे, "जरा फोन द्या, ओटीपी टाकतो... इथे रेंज नाही, बाहेर जाऊन येतो." पाच-सात मिनिटं फोन त्याच्या हातात. फोन दुकानदाराचाच, सिम त्याचंच, पिन माहीत झालेला. म्हणजे बँकेच्या दृष्टीने सगळं रीतसर. साधारण यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाख रुपये आहे, तेवढं जाऊ शकतं. कधी व्यापारी ॲपमधलं कर्जही मंजूर करून घेतलं जातं. जाताना बँकेचे मेसेज पुसले जातात, म्हणून दोन दिवस पत्ताच लागत नाही.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. साउंडबॉक्स बसवायला, काढायला, दुरुस्त करायला पिन लागत नाही. एक रुपयाची चाचणी करायचीच असेल तर ती आलेल्या माणसाने स्वतःच्या फोनवरून करावी. स्टिकर त्यासाठीच आहे ना? फोन काउंटरच्या बाहेर जाता कामा नये, आणि माणूस खरा आहे का हे त्याने दिलेल्या नंबरवर नव्हे, तर व्यापारी ॲपमधल्या मदत क्रमांकावर विचारायचं. या सगळ्याहून परिणामकारक एक गोष्ट आहे, ती कुणी करत नाही. स्टिकरला जोडलेलं खातं वेगळं ठेवा आणि दर एक-दोन दिवसांनी त्यातली रक्कम यूपीआयला न जोडलेल्या दुसऱ्या खात्यात वळती करा. खात्यात चारच हजार असतील तर पिन गेला तरी चारच हजार जातात.

आणखी एका प्रकारात पैसे खरे येतात. साउंडबॉक्स बोलतो, यादीत नोंद दिसते, सगळं ठीक. "दादा, दवाखान्यात पेशंट आहे, एटीएम बंद आहे. दहा हजार ऑनलाइन करतो, रोख द्या, शंभर जास्त ठेवा." दुकानदार माणुसकीने देतो. चार-आठ दिवसांनी बँकेत कळतं की खात्यावर होल्ड आहे. ते दहा हजार दुसऱ्याच राज्यात कुणाला तरी लुबाडून आणलेले असतात. त्या माणसाने तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यातून फिरला, त्या प्रत्येक खात्यापर्यंत माग जातो आणि रक्कम गोठवली जाते. कधी तेवढीच रक्कम, कधी अख्खं खातं. मोबाइलची दुकानं, सराफ आणि पेट्रोल पंप यांना हा धोका जास्त, कारण तिथे चोरीच्या पैशाचं चटकन रोख किंवा विकता येण्याजोगा माल होतो. समोर उभा माणूस एक आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव दुसरंच असेल, तर तिथेच थांबा. मोठ्या रकमेचा माल देताना पक्कं बिल, ओळखपत्राची प्रत आणि सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवा. खातं अडकलंच तर बँकेकडून लेखी मागा: तक्रारीचा पोच क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, वादातली रक्कम किती. मग बिल आणि पुरावे जोडून त्या ठाण्याला आणि बँकेला पत्र द्या, आणि वादातली रक्कम सोडून बाकी खातं मोकळं करण्याची मागणी करा. होल्ड काढून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल याच वेळी फोन करतात. त्यांना एक पैसा देऊ नका.

मेसवाल्यांना आणि केटरर्सना "लष्करातून बोलतोय, पन्नास थाळ्या हव्यात, ॲडव्हान्ससाठी हा क्यूआर स्कॅन करा" असे फोन येतात. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच, कधीही येत नाहीत. व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे मागण्याची यूपीआयची सोय 1 ऑक्टोबर 2025पासून बंद झाली, म्हणून आता फसवणाऱ्यांचा भर क्यूआरवर आणि तुमच्या फोनची स्क्रीन त्यांना दाखवणारं ॲप टाकायला लावण्यावर आहे.

धंद्याची संधी म्हणून जे विकलं जातं तेही तपासा. "तालुक्याची क्यूआर एजन्सी घ्या, डिपॉझिट भरा, प्रत्येक व्यवहारावर अर्धा टक्का कमिशन." बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर 1 जानेवारी 2020पासून व्यापाऱ्याकडून शुल्क घेतलं जात नाही. जिथे शुल्कच नाही, तिथे तुम्हाला अर्धा टक्का कुठून मिळणार? "तुमचं करंट अकाउंट महिन्याला भाड्याने द्या" हा प्रस्ताव तर सरळ गुन्ह्यात ओढणारा आहे. त्या खात्यातून लुटीचा पैसा फिरवला जातो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

फसवणूक लक्षात आली की पहिला तास महत्त्वाचा. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. हाताशी ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर. पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंत गोठवता येतो, एटीएममधून निघाला की अवघड. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. बँकेच्या हेल्पलाइनलाही लगेच कळवा आणि तिचा तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017च्या नियमानुसार, दोष ना तुमचा ना बँकेचा आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पिन तुम्हीच दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हवी. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं, त्यासाठी 14448 हा क्रमांक आहे.

नकली पावतीच्या प्रकारात मात्र 1930चा उपयोग होत नाही, कारण गोठवायला पैसा हललेलाच नसतो. ती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायची साधी फसवणुकीची तक्रार आहे. तिला लागतं सीसीटीव्हीचं चित्रीकरण, बिल आणि त्या वेळची व्यापारी ॲपमधली यादी, ज्यात तो व्यवहार नाही. चित्रीकरण वेगळं काढून ठेवा, कारण बऱ्याच दुकानांतल्या मशीनमध्ये काही दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्ड होतं.