फुल बॉडी की स्प्लिट? खास दिवसाआधीचे 12 आठवडे

लग्न असो नाहीतर दुसरं काही, तारीख ठरली की जिममध्ये पहिला प्रश्न हाच, आठवड्यातून 3 दिवस फुल बॉडी, म्हणजे दर वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम करायचा, की रोज शरीराचा एकेक भाग घेऊन स्प्लिट. मी दोन्ही करून बघितलंय. नवीन असाल तर सरळ फुल बॉडी घ्या, कारण स्क्वॉट, डेडलिफ्ट, रो, प्रेस हे सगळे मुख्य व्यायाम आठवड्यातून 3 वेळा हाताखालून जातात आणि सुरुवातीचे काही आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा ती हालचाल शिकतात म्हणून, स्नायू दिसायला वेळ लागतो, 8 ते 12 आठवडे तरी धरा. शिवाय तयारीच्या धावपळीत एक दिवस बुडला तरी फार बिघडत नाही. स्प्लिटमध्ये लेग डे बुडाला की पाय गेले पुढच्या आठवड्यावर!

पण वर्षभर वजनं उचलताय आणि खांदे-पाठ जरा उठून दिसायला हवेत तर स्प्लिट बरं, एकाच भागाला जास्त सेट (व्यायामाच्या फेऱ्या) देता येतात. त्यासाठी 4-5 दिवस निघाले पाहिजेत हं.

आणि "वजनं उचलून पुरुषी दिसशील" म्हणणाऱ्यांना सोडून द्या, बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं हार्मोन पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असतं.

शेवटच्या आठवड्यात मात्र दोन्हीत सेट कमी करा, नवीन व्यायाम तर नकोच, कारण अंगदुखी 1 ते 3 दिवसांनी जोर धरते आणि नेमकं त्याच दिवशी जिना उतरताना कळ येते.