टाइप नंबर की साधी टेक्स्ट चौकट? आकडे तपासण्याच्या तीन पद्धतींचा वापरानंतरचा अनुभव

वेब फॉर्मच्या चौकटीत भरलेला मजकूर आकडा आहे की नाही, हे ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने तपासण्याच्या ज्या पद्धती सर्रास सुचवल्या जातात, त्यांपैकी तीन पद्धती मी गेले काही महिने रोजच्या वापरातल्या फॉर्मवर चालवून पाहिल्या. फॉर्म साधे आहेत: नगसंख्या, वजन, तापमान, आणि शेजारी एक ओळख क्रमांक. ते भरणारी माणसे मात्र सराईत आहेत. ती पडद्याकडे न पाहता टाइप करतात, स्प्रेडशीटमधून उचललेले आकडे पेस्ट करतात, आणि त्यांतली काही जण सगळे काम मोबाइलवरच उरकतात. माझे मत आधीच सांगतो. प्रत्येक कळ दाबली जाताना पहारा देण्यापेक्षा माणसाला जे लिहायचे आहे ते पूर्ण लिहू द्यावे आणि चौकट सोडल्यावर संपूर्ण मजकुराचा एकदाच निवाडा करावा, हीच पद्धत टिकते.

पहिली पद्धत म्हणजे वेबपानांच्या एचटीएमएल ५ या भाषेतली, फक्त आकड्यांसाठी असलेली टाइप नंबरची चौकट. एक ओळही स्क्रिप्ट न लिहिता किमान व कमाल मर्यादा मिळते, मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड येतो आणि चुकीचे काही भरल्यास ब्राउझर स्वतःच फॉर्म अडवतो, त्यामुळे सुरुवातीला ती फार सोयीची वाटते. अडचण तपासणीच्या वेळी येते. या चौकटीत आकडा म्हणून न वाचता येणारे काही पडले, उदाहरणार्थ नुसते वजाचे चिन्ह किंवा घातांकासाठी चालणारे ई हे अक्षर, तर स्क्रिप्टला चौकटीची व्हॅल्यू, म्हणजे तिच्यातली किंमत, रिकामी स्ट्रिंग (मजकूर) म्हणून मिळते. म्हणजे वापरकर्त्याने काहीच लिहिले नाही की चुकीचे लिहिले, हे व्हॅल्यूवरून कळतच नाही. त्यासाठी व्हॅलिडिटी ऑब्जेक्टमधला बॅडइनपुट हा गुणधर्म वेगळा पाहावा लागतो, आणि बहुतेक तयार उदाहरणांत तो नसतो. शिवाय स्टेप, म्हणजे लागोपाठच्या दोन वैध आकड्यांमधले अंतर, दिली नाही तर ती एक धरली जाते, त्यामुळे साडेबारा किलो वजन ब्राउझर नाकारतो आणि बारा किंवा तेरा लिहा असा सल्ला देतो. स्टेपला एनी ही किंमत दिली की हे थांबते. मॅक्सलेंथ (अक्षरसंख्येची कमाल मर्यादा) या चौकटीला लागू होत नाही आणि पॅटर्नही (मजकुराच्या रूपाचा नियम) होत नाही, त्यामुळे 'फक्त चार अंक' असा साधा नियमसुद्धा शेवटी स्क्रिप्टमध्येच लिहावा लागतो.

या पद्धतीवरचा माझा विश्वास खरा उडाला तो माउसच्या चाकामुळे. कर्सर चौकटीत आहे, माउसही तिच्यावरच आहे आणि पान खाली सरकवण्यासाठी चाक फिरवले, तर काही ब्राउझरांत पान सरकण्याऐवजी आकडाच एकेकाने बदलतो. नोंदींत काही वजने एक-दोन किलोंनी सरकलेली आढळली, तेव्हा ती कुठून आली हे शोधायला बराच वेळ गेला. कारण तपासणीच्या दृष्टीने ती निर्दोष होती. आकडा वैध असूनही चुकीचा असणे हा प्रकार कुठल्याच संदेशाने उघडकीस येत नाही. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांच्या डिझाइन सिस्टीमने २०२० मध्ये टाइप नंबर सोडून इनपुटमोडसह (मोबाइलवर कोणता कीबोर्ड उघडावा हे सांगणारा गुणधर्म) साधी टेक्स्ट चौकट स्वीकारली, त्यामागच्या कारणांत हे चाकाचे कारणही होते. पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे) आणि आवाजी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरला ही चौकट नीट ओळखता न येणे हे दुसरे.

दुसरी पद्धत जुनी आणि आजही सर्वाधिक चिकटवली जाणारी: कीडाउनवर, म्हणजे कळ दाबली जाण्याच्या क्षणी, तिचा कोड तपासायचा, ४८ ते ५७ मध्ये असेल तर अंक जाऊ द्यायचा, नाहीतर कळ रद्द करायची. तिला ठिगळे लावण्यातच दिवस जातात. उजवीकडच्या अंकपटावरच्या कळांचे कोड ९६ ते १०५ असतात, म्हणून ते जोडावे लागतात. शिफ्ट धरून ४८ ते ५७ या कळा दाबल्या तर चिन्हे उमटतात, म्हणून शिफ्ट तपासावी लागते. बॅकस्पेस, टॅब, बाणाच्या कळा आणि कंट्रोलबरोबरचे कॉपी-पेस्ट यांना सूट द्यावी लागते. एवढे करूनही अँड्रॉइडच्या कीबोर्डवरून अनेकदा प्रत्येक कळेला २२९ हाच कोड येतो आणि सगळी यादी निरुपयोगी ठरते. मेन्यूमधून केलेले पेस्ट, ओढून टाकलेला मजकूर, ब्राउझरने आपोआप भरलेली किंमत आणि बोलून लिहिलेले शब्द या मार्गांनी तर कळ दाबलीच जात नाही. बिफोरइनपुट हा नवा इव्हेंट (ब्राउझरने स्क्रिप्टला दिलेली घटनेची सूचना) यातले बरेचसे पकडतो, तरी मूळ आक्षेप राहतोच: माणूस कळ दाबतो, पडद्यावर काही उमटत नाही, आणि का उमटले नाही हे त्याला कोणी सांगत नाही.

याच पद्धतीचे सुधारलेले रूप म्हणून इनपुट इव्हेंटवर रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्राने) अंकांखेरीज सर्व काही पुसून टाकण्याची युक्ती सांगितली जाते. दिसायला ती एका ओळीची आणि नेटकी आहे. व्यवहारात मी तिला तिन्हींतली सर्वांत घातक मानतो. स्प्रेडशीटमधला १२.५ पेस्ट करा. दशांशचिन्ह पुसले जाते आणि चौकटीत १२५ उरतो. वजा ४ पेस्ट केले तर ४ उरतो. दोन्ही वेळी फॉर्म आनंदाने पुढे जातो. मधला एखादा अंक दुरुस्त करायला कर्सर तिथे नेला आणि चुकून अक्षर पडले, की ते पुसताना कर्सर शेवटी उडी मारतो, हा त्रास त्या मानाने किरकोळच म्हणायचा.

तिसरी पद्धत म्हणजे साधी टेक्स्ट चौकट, तिच्यावर इनपुटमोड, आणि चौकट सोडताना व फॉर्म पाठवताना चालणारे एकच तपासणी फंक्शन. सध्या आमचे जवळपास सर्व फॉर्म याच पद्धतीवर आहेत. तिचा सारा भार त्या फंक्शनवर असल्यामुळे ते काळजीपूर्वक लिहावे लागते, कारण जावास्क्रिप्टची तयार साधने या कामासाठी जशीच्या तशी चालत नाहीत. इजनॅन हे 'आकडा नाही ना' ते तपासणारे फंक्शन आधी मजकुराचे संख्येत रूपांतर करते. रिकाम्या स्ट्रिंगचे रूपांतर शून्य होते, त्यामुळे रिकामी चौकट 'आकडा आहे' म्हणून उत्तीर्ण होते. तापमानाच्या नोंदीत शून्य हे खरेखुरे वाचन असते, तिथे ही गफलत परवडत नाही. मजकुरातून संख्या काढणारे पार्सफ्लोट सुरुवातीचे जमेल तेवढे वाचते आणि उरलेले सोडून देते: '१२ किलो' मधले १२ इंग्रजी अंकांत असतील तर ते बारा देते, जे क्षणभर सोयीचे वाटते, पण १,२५० मधला स्वल्पविराम आला की तिथेच थांबून ते एक देते. नंबर फंक्शन जास्त कडक आहे, तरी घातांकाचे रूप, शून्य आणि एक्सने सुरू होणारी हेक्साडेसिमल संख्या आणि इन्फिनिटी हा शब्दसुद्धा ते बिनतक्रार स्वीकारते. म्हणून आधी रेग्युलर एक्स्प्रेशनने पूर्ण मजकुराचे रूप पडताळायचे, मगच नंबर फंक्शनला द्यायचे आणि शेवटी मर्यादा पाहायच्या, हा क्रम मी ठरवून घेतला आहे.

या क्रमाच्याही आधी मजकूर स्वच्छ करण्याचा टप्पा येतो आणि माझा सर्वाधिक वेळ त्यानेच घेतला. ट्रिम या फंक्शनने दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा जातात, न तुटणारी जागाही जाते, पण शून्य रुंदीची जागा जात नाही. ती डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पडद्यावर अगदी बरोबर दिसणारा आकडा नाकारला जातो आणि वापरकर्ता हैराण होतो. कागदपत्रांतून पेस्ट केलेले वजाचे चिन्ह अनेकदा कीबोर्डवरचे हायफन नसून गणिती वजा असते. तेही बदलून घ्यावे लागते. देवनागरी अंकांचा प्रश्न तर आपल्या वाचकांना थेट भिडणारा आहे. मराठी कीबोर्डवरून कोणी १२३ लिहिले तर नंबर फंक्शन नॅन (म्हणजे 'आकडा नाही') देते, कारण त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. रेग्युलर एक्स्प्रेशनमधले अंकांचे चिन्हही जावास्क्रिप्टमध्ये फक्त तेच दहा ओळखते. उपाय सोपा आहे. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक दशमान पद्धतीत २४०६ आहे आणि नऊपर्यंतचे अंक सलग आहेत, त्यामुळे अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळतो. गंमत अशी, की आकडे दाखवणारे जावास्क्रिप्टचे इंटल नंबरफॉरमॅट मराठीसाठी स्वतः देवनागरी अंक लिहिते, पण ते परत वाचण्याची सोय भाषेने दिलेली नाही.

स्वल्पविरामाला मात्र असा सरळ उपाय नाही. भारतीय पद्धतीत १,००,००० असे गट पडतात, इतरत्र तीन-तीनचे, आणि जर्मनसारख्या भाषांत स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह असते. नुसत्या मजकुराकडे पाहून १,२५० म्हणजे साडेबाराशे की सव्वा, हे कोणतेही फंक्शन सांगू शकत नाही. मी प्रत्येक फॉर्मसाठी एकच अर्थ ठरवला आणि चौकट सोडताच 'वाचलेली किंमत' म्हणून तो आकडा शेजारी लहान अक्षरांत दाखवू लागलो. या एका गोष्टीने जेवढ्या चुका फॉर्म पाठवण्याआधीच पकडल्या गेल्या, तेवढ्या लाल रंगाच्या कोणत्याही संदेशाने पकडल्या गेल्या नसतील.

ओळख क्रमांकाला या यंत्रणेपासून दूरच ठेवले आहे. त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, त्याच्या सुरुवातीचे शून्य महत्त्वाचे असते आणि तो सोळा अंकी असेल तर संख्येत रूपांतर करणे थेट धोक्याचे आहे. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्णांकांची अचूकता राहत नाही. सोळा वेळा नऊ लिहून रूपांतर केले की एकावर सोळा शून्ये मिळतात. तिथे स्ट्रिंग स्ट्रिंगच ठेवावी, अंकांची संख्या मोजावी आणि पुढे जावे.

संदेशांबद्दल थोडेसे. स्वतःचा चूक-संदेश लावणारे सेटकस्टमव्हॅलिडिटी वापरत असाल तर आकडा दुरुस्त झाल्यावर रिकामी स्ट्रिंग देऊन तो संदेश पुसावाच लागतो, नाहीतर फॉर्म कायमचा अडतो. संदेशाने 'अवैध इनपुट' म्हणून मोकळे होऊ नये, 'वजन ०.५ ते ५०० किलोच्या दरम्यान हवे' असे लिहिले की विचारणा करणारे फोन कमी होतात. एरिया इनव्हॅलिड आणि एरिया डिस्क्राइब्डबाय ही दोन ॲट्रिब्यूट जोडली की पडदावाचकही तोच संदेश वाचतो. सर्व्हरवर हीच तपासणी पुन्हा करणे अनिवार्य आहे हे निराळे सांगायला नको. ब्राउझरमधली स्क्रिप्ट कोणीही बंद करू शकतो.

तिसऱ्या पद्धतीत एक उणीव उरली आहे आणि तिच्यावर मला समाधानकारक तोडगा मिळालेला नाही. इनपुटमोडला न्यूमेरिक दिले तर आयफोनच्या कीबोर्डवर फक्त अंक येतात. डेसिमल दिले तर दशांशचिन्ह येते, पण वजाचे चिन्ह कुठेच नसते. शून्याखालचे तापमान नोंदवणाऱ्याला मग चिन्हच लिहिता येत नाही. तापमानाच्या चौकटीवरून मी इनपुटमोड काढून टाकला, त्यामुळे तिथे पूर्ण कीबोर्ड उघडतो आणि मोबाइलवर भरणाऱ्यांना अंकांच्या पानावर जाण्यासाठी एक कळ जास्त दाबावी लागते. टाइप नंबर आता एकाच जागी उरला आहे: छापायच्या प्रतींची संख्या, एक ते दहा, जिथे वर-खाली बाण खरोखर वापरले जातात, तिथेही चाकाचा परिणाम स्क्रिप्टने बंद केलेला आहे.